फ्रेझरची कोठी, घाटग्यांचं नाव

कागलचे घाटगे आणि फ्रेझर हे स्कॉटिश आडनाव यांची गाठ इतिहासात दोनदा पडली. पहिल्यांदा दिल्लीत, एका खुनानंतर झालेल्या घराच्या खरेदीत. दुसऱ्यांदा धारवाडात, एका राजपुत्राच्या शिक्षणात. दोन्ही वेळचे घाटगे एकाच घराण्यातले होते. फ्रेझर मात्र दोन निराळे, आणि मध्ये अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेलेला. योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. पण एकोणिसाव्या शतकात राज्य करणाऱ्यांची आणि राज्य गमावलेल्यांची आडनावं कुठून कुठे जात होती, हे या एका जोडीवरून जितकं कळतं तितकं एखाद्या जाड ग्रंथावरूनही कळत नाही, असं मला वाटतं.

उत्तर दिल्लीत मलकागंजच्या बाजूने रिज या टेकडीचा चढ चढलं की हिंदू राव रुग्णालय लागतं. दिल्ली महानगरपालिकेच्या मोठ्या रुग्णालयांपैकी हे एक. २०१३ पासून त्याला वैद्यकीय महाविद्यालयही जोडलेलं आहे. बाहेर ई-रिक्षांची झुंबड, फाटकाशी चहाच्या आणि फळांच्या गाड्या, रिजच्या झाडीतून उतरणारी माकडं. आवारातच पीर गायब नावाची फिरोजशाह तुघलकाच्या काळची दगडी इमारत आहे. ती त्याच्या शिकारखान्याचा भाग होती असं मानतात. जवळच जुनी बावडी आहे. रस्त्याच्या कडेला अशोकाचा स्तंभ उभा आहे, फिरोजशाहने मेरठहून आणवलेला. सम्राट, सुलतान, साहेब आणि सरदार असे चार काळ इतक्या दाटीने एका टेकाडावर बसलेले दिल्लीतही फार ठिकाणी सापडत नाहीत. यातला सरदार आपला. बायजाबाई शिंद्यांचा भाऊ, सर्जेराव घाटग्यांचा मुलगा, हिंदुराव घाटगे. आणि ज्याची ही कोठी होती तो साहेब म्हणजे विल्यम फ्रेझर.

विल्यमचा जन्म १७८४ चा. स्कॉटलंडच्या उत्तरेला इनव्हर्नेसजवळ रीलिग नावाची या कुटुंबाची जमीनदारी होती आणि तिच्यावर कर्जाचा डोंगर होता. बापाने पैसा अटलांटिकपलीकडच्या बर्बीसमध्ये, म्हणजे आजच्या गयानात, गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांत गुंतवलेला. तो काही तारू शकला नाही. मग कर्ज फेडायचं ते मुलांनी. पाच मुलगे एकामागून एक हिंदुस्थानात आले. त्यांतला एकटा थोरला जेम्स घरी परतला. बाकीचे चौघे पुन्हा रीलिगला पोचलेच नाहीत.

या घराचा दिल्लीशी संबंध मात्र विल्यमच्याही आधीचा. त्याचा आजोबा जेम्स फ्रेझर सुरतेला कंपनीच्या नोकरीत होता. फारसी हस्तलिखितं जमवण्याचा त्याला नाद. नादिरशाहने १७३९ मध्ये दिल्लीत कत्तल केली, मयूरासन नेलं, आणि तीनच वर्षांनी, १७४२ मध्ये, या आजोबाने लंडनमध्ये नादिरशाहचा इतिहास छापला. तो दिल्लीत हजर नव्हता, कागदपत्रांवरून आणि बातमीपत्रांवरून लिहीत होता. पण इंग्रजी वाचकांना त्या कत्तलीची हकिकत सविस्तर सांगणाऱ्या पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुढे नातवाने, म्हणजे विल्यमच्या भावाने, नादिरशाहच्याच काळावर एक कादंबरी लिहिली. दिल्लीचं दुःख या घरात एखाद्या वतनासारखं पिढीजात चालत आलेलं दिसतं.

विल्यम १८०५ मध्ये दिल्लीला आला तो रेसिडेंट ऑक्टरलोनीचा मदतनीस म्हणून. ऑक्टरलोनीही स्कॉटिश वंशाचा, जन्माने बॉस्टनचा. या दोघांना दिल्ली कुणाकडून मिळाली होती, हे मराठी वाचकाला सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी, ११ सप्टेंबर १८०३ रोजी, यमुनेच्या पूर्वेला पटपडगंजच्या रानात कंपनीचा सेनापती जनरल लेक याने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला होता. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. त्या दिवसापर्यंत लाल किल्ल्यातल्या आंधळ्या शाहआलमच्या नावाने कारभार शिंदे चालवत होते. दौलतराव शिंद्यांनी दिल्ली गमावली आणि तिथे स्कॉटलंडच्या कर्जबाजारी घरांतली पोरं कारभारी झाली.

ती पोरं आली त्या काळी साहेबांच्या आणि दिल्लीवाल्यांच्या मध्ये पुढच्याइतकी उंच भिंत नव्हती. सरसेनापतीची बायको लेडी न्यूजंट १८१२ च्या सुमाराला दिल्लीत येऊन गेली. तिच्या रोजनिशीत विल्यमबद्दल कुरकुर आहे. हा दाढी-कल्ले राखतो, गाय आणि डुक्कर खात नाही, ख्रिस्ती म्हणावा की हिंदू, असा तिचा सूर आहे. विल्यमला फारसी उत्तम येई. मिर्झा गालिबशी त्याची दोस्ती होती. हरियाणातल्या रानिया गावची अमीबान ही त्याची सहचरी होती. शिवाय आणखीही होत्या, मुलंही बरीच होती. दिल्लीभोवतीच्या खेड्यांतून सारा ठरवत तो महिनोन्‌महिने घोड्यावर असे. तिथे तेव्हा सिंह होते आणि सिंहाच्या शिकारीचं त्याला वेड होतं. तो शूर होता, हेकट होता आणि वरिष्ठांशी त्याचं कधी पटलं नाही. त्याचं चरित्र लिहिणारे त्याच्या या 'हिंदुस्थानी' होण्यावर भाळतात. मला ते थोडं अपुरं वाटतं. गोमांस न खाणारा साहेबही शेवटी साराच गोळा करत होता, आणि कुणाची जहागीर कुणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क त्याने कधी सोडला नाही. त्याचा जीव त्यातच गेला.

पण एका गोष्टीसाठी त्याचं ऋण मान्य करावं लागतं. १८१५ च्या सुमारापासून विल्यम आणि थोरला भाऊ जेम्स यांनी दिल्लीच्या चितारांकडून चित्रं काढून घ्यायला सुरुवात केली. गुलाम अली खान आणि त्याच्या घराण्यातल्या कलावंतांची नावं या चित्रांशी जोडली जातात. नवाब, बादशहा यांची चित्रं सगळेच काढून घेत. या भावांनी मात्र रानियाचे गावकरी, पलटणीत भरती व्हायला आलेले तरुण, घोडे विकणारे अफगाण, नाचणाऱ्या बायका, गुराखी, जोगी असे लोक रंगवून घेतले. पांढऱ्या कागदावर सावलीसकट उभी असलेली, सरळ आपल्याकडे बघणारी ही माणसं. रेल्वे आणि कॅमेरा यांच्या आधीच्या हरियाणवी गावाचे चेहरे पाहायचे असतील तर यापेक्षा चांगलं साधन नाही. नव्वदहून अधिक चित्रांचा हा संग्रह कुटुंबाच्या कागदपत्रांत दडून राहिला तो थेट १९७९ मध्ये सापडला. पुढच्याच वर्षी लिलाव झाला आणि चित्रं जगभर विखुरली. अभ्यासक त्याला 'फ्रेझर अल्बम' म्हणतात. जेम्स स्वतःही चांगला चित्रकार होता. १८१५ मध्ये तो यमुनोत्री-गंगोत्रीपर्यंत जाऊन आला. त्याने काढलेली हिमालयाची दृश्यं १८२० मध्ये प्रसिद्ध झाली.

आता खुनाकडे. गुरुग्रामच्या दक्षिणेला, नूह जिल्ह्यात, अरवलीच्या पायथ्याशी फिरोजपूर झिरका हे गाव आहे. मेवातचा हा भाग आता राजधानी क्षेत्रात मोडतो आणि दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गही याच बाजूने जातो. तिथला नवाब अहमद बख्श खान याने आपल्या दौलतीची वाटणी केली. थोरल्या शमसुद्दीनला फिरोजपूर, धाकट्या सावत्र भावांना लोहारू. शमसुद्दीनला लोहारूही हवं होतं. फ्रेझर हा त्याच्या बापाचा स्नेही, त्याला अंगाखांद्यावर पाहिलेला, पण त्याने बाजू घेतली धाकट्यांची. भांडण इतकं विकोपाला गेलं की फ्रेझरने नवाबाला आपल्या घरातून घालवून दिलं. भरदिल्लीत हा अपमान पचण्यासारखा नव्हता. २२ मार्च १८३५ च्या संध्याकाळी, मेजवानीहून रिजवरच्या आपल्या कोठीकडे परतणाऱ्या फ्रेझरला वाटेत करीम खान नावाच्या घोडेस्वाराने जवळून गोळी घातली. तो तेव्हा दिल्लीचा कमिशनर होता. तपासात पानिपतहून आलेल्या जॉन लॉरेन्सने पुढाकार घेतला. हाच पुढे व्हाइसरॉय झाला. आधी करीम खान फासावर गेला आणि ऑक्टोबरात, काश्मिरी गेटबाहेर, नवाब शमसुद्दीन.

दिल्लीने नवाबाला शहीद मानलं. संशयाचं बोट गालिबकडे गेलं, कारण त्याचं सासर याच घराण्यातलं, त्याच्या पेन्शनीचा तंटाही याच जहागिरीशी, आणि फ्रेझर त्याचा मित्र. गालिबने एका पत्रात लिहिलं आहे की फ्रेझरच्या मरणाने आपल्याला बापाच्या मरणाइतकं दुःख झालं. हे वाक्य त्या वेळी दिल्लीत उघड बोलणं सोपं नसणार. फासावर गेलेल्या नवाबाच्या मागे एक चार वर्षांचा मुलगा राहिला, वजीर खानमपासून झालेला. तो मोठेपणी दाग देहलवी या नावाने उर्दू गझलेचा उस्ताद झाला आणि हैदराबादेत वारला. शमसुर्रहमान फारुकींच्या 'कई चांद थे सर-ए-आसमाँ' या कादंबरीत ही सगळी माणसं आहेत.

फ्रेझरचं दफन केलं ते जेम्स स्किनरने. काश्मिरी गेटचं सेंट जेम्स चर्च या स्किनरनेच स्वखर्चाने बांधलं. १८३६ मध्ये ते विधिवत खुलं झालं. हेही आडनाव स्कॉटिश. बाप हर्क्युलिस स्किनर स्कॉटलंडचा, आई राजपूत. आणि स्किनरची पहिली चाकरी कुणाकडे? शिंद्यांकडे. द बॉइनने उभारलेल्या शिंद्यांच्या कवायती फौजेत तो १७९६ च्या सुमाराला दाखल झाला आणि १८०३ मध्ये युद्ध पेटल्यावर कंपनीकडे गेला. त्याच्या नावाची घोडेस्वार पलटण आजही भारतीय लष्करात आहे. हा स्किनर फ्रेझरचा जिवलग मित्र. मित्राच्या कबरीवर त्याने संगमरवराचं देखणं काम करवून घेतलं होतं. ते १८५७ मध्ये मोडलं. चर्चच्या घुमटावरच्या तांब्याच्या गोळ्यावर तेव्हाच्या गोळ्यांच्या खुणा आहेत. तो आता खाली आवारात ठेवलेला आहे.

रिकामी पडलेली कोठी विकत घेतली हिंदुराव घाटग्यांनी.

ते दिल्लीत कसे आले, त्यासाठी पुण्याला जावं लागेल. सखाराम घाटगे, सर्जेराव हा त्यांचा किताब, कागलचे देशमुख. त्यांची मुलगी बायजाबाई हिचं लग्न १७९८ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांशी झालं. त्या लग्नासाठी आणि शिंद्यांच्या फौजेच्या पगारासाठी पैसा उभा करायला सर्जेरावांनी पुणेकरांना कसं पिळून काढलं, तापलेल्या तोफांवर सावकार कसे बसवले, हे पुण्याच्या बखरी अजून विसरलेल्या नाहीत. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीतच सर्जेराव मारले गेले. मुलगी मात्र बापाहून फार मोठी निघाली. ती विल्यम फ्रेझरच्याच वर्षी, १७८४ मध्ये जन्मलेली. १८२७ मध्ये दौलतराव वारल्यावर तिने ग्वाल्हेरचा कारभार हाती घेतला, काशीत ज्ञानवापीजवळ खांबांचा मंडप बांधला, इंग्रजांना कर्ज दिलं आणि त्यांच्याशी घासाघीसही केली. १८३३ मध्ये दत्तकपुत्र जनकोजीच्या बाजूने फौज उलटली आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई त्यांना १८३५ मध्ये फतेहगडच्या छावणीत भेटली. खोगिरावर एका बाजूला पाय सोडून बसायची इंग्रजी रीत मराठा बायकांना हास्यास्पद वाटली. त्यांनी फॅनीला मराठी पद्धतीने घोड्यावर बसवलं आणि तिला ते बेहद्द आवडलं. तिच्या प्रवासवर्णनातली ही पानं मराठीत सबंध यायला हवीत.

बहिणीचं राज्य गेलं तसा भावाचाही आधार गेला. हिंदुराव दिल्लीला आले. आपल्या मेव्हण्याने जे शहर लेकला हरलं, त्याच शहरात, ते शहर चालवणाऱ्या साहेबाची कोठी त्यांनी घेतली. जमीनदारी कर्जात बुडालेल्या स्कॉट माणसाचं घर, दौलत सुटलेल्या मराठ्याने घेतलेलं. दिल्लीतल्या इंग्रजांत त्यांची ऊठबस होती. साहेबलोकांत लोकप्रिय असलेला सरदार, अशीच त्यांची नोंद सापडते. कोठीजवळ पडलेल्या अशोकस्तंभाच्या तुकड्यांकडे तोवर कुणी फारसं पाहत नव्हतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दारूच्या स्फोटात तो स्तंभ मोडला होता. हिंदुरावांनी ते तुकडे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला देऊन टाकले. एवढा भार नेणं परवडेना, म्हणून लेख असलेला भागच कापून कलकत्त्याला गेला. पुढे तो परत आला आणि १८६७ मध्ये स्तंभ जोडून आजच्या जागी उभा केला. रस्त्यावरून जाताना त्या दगडातले सांधे आजही दिसतात.

१८५७ चा उठाव झाला तेव्हा हिंदुराव हयात नव्हते. पण त्यांचं नाव जगाच्या वर्तमानपत्रांत गेलं ते त्याच वर्षी. ११ मे रोजी मेरठचे स्वार यमुना ओलांडून दिल्लीत आले. त्या दिवशी दिल्लीचा कमिशनर होता सायमन फ्रेझर. तेच आडनाव, तीच खुर्ची. लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्याच्या जिन्याशी त्याला कापून काढलं. वरच्या खोलीत किल्ल्याच्या पहाऱ्याचा कप्तान डग्लस मारला गेला. म्हणजे बावीस वर्षांत दिल्लीचे दोन फ्रेझर कमिशनर जिवानिशी गेले. एकाच आडनावाशी दिल्लीने इतकं वैर क्वचितच धरलं असेल.

जूनपासून इंग्रजांनी रिजवर ठाण मांडलं. त्यांच्या उजव्या टोकाचं, सब्जी मंडीवर नजर ठेवणारं ठाणं म्हणजे हिंदुरावांचा वाडा. मेजर रीडची सिरमूर पलटण तिथे तीन महिने चिकटून राहिली. ४९० गुरख्यांपैकी ३२७ मेले किंवा जखमी झाले. या पलटणीचं मूळ १८१५ च्या गुरखा युद्धात आहे. त्या युद्धात राजकीय अधिकारी म्हणून गेलेला विल्यम फ्रेझर हा गुरख्यांना कंपनीच्या चाकरीत घ्यावं असं सुचवणाऱ्यांपैकी होता. त्याने सुचवलेल्या भरतीतून निघालेल्या पलटणीने त्याच्याच कोठीच्या भिंतींआडून दिल्लीवर तोफा चालवल्या. पण लंडनला गेलेल्या प्रत्येक खलित्यात वाड्याचं नाव होतं हिंदुरावांचं. तेच मग कायमचं राहिलं. काही काळाने वाड्याचं रुग्णालय झालं.

आता या आडनावाकडे जरा सावकाश पाहू.

फ्रेझर हे कूळ नॉर्मन सरदारांबरोबर फ्रान्सच्या बाजूने आलं असं मानतात. त्यांच्या चिन्हावर पाच पाकळ्यांची पांढरी फुलं आहेत, स्ट्रॉबेरीची म्हणून ओळखली जाणारी. त्यांच्या दोन मुख्य शाखा. पूर्व किनाऱ्यावर फ्रेझरबर्ग हे बंदर वसवणारे फ्रेझर ही एक, आणि उत्तरेच्या डोंगराळ मुलखातले लोव्हॅटचे फ्रेझर ही दुसरी. रीलिगचं घर लोव्हॅटच्या फांदीतलं. पण फ्रेझर आडनावाचा प्रत्येक माणूस त्या रक्ताचा होता, असं समजण्याचं कारण नाही. डोंगरी मुलखात प्रमुखाच्या जमिनीवर राहणारे, त्याच्यासाठी तलवार उचलणारे लोक त्याचं आडनाव लावत. शिंदे, मोरे, जाधव या आडनावांचं आपल्याकडे जे झालं, त्याच्याशी हे ताडून पाहता येईल.

१७४५ मध्ये लोव्हॅटचा अकरावा लॉर्ड, सायमन फ्रेझर, स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने बंडात उतरला. म्हातारा महाकारस्थानी. आयुष्यभर दोन्ही दगडांवर पाय ठेवून जगलेला. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनला बंडवाल्यांचा चक्काचूर झाला. ९ एप्रिल १७४७ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याचं डोकं उडवलं. ब्रिटनमध्ये शिरच्छेदाची शिक्षा झालेला हा शेवटचा माणूस. जमीन जप्त झाली. आणि मग जे घडलं ते मराठी माणसाला ओळखीचं वाटावं. त्याचा मुलगा, तोही सायमन, ज्या राजाविरुद्ध लढला त्याच राजासाठी त्याने दहा वर्षांनी, १७५७ मध्ये, आपल्या मुलखातून पलटण उभी केली. 'फ्रेझर हायलँडर्स' १७५९ मध्ये क्वेबेकच्या लढाईत होते. १७७४ मध्ये त्याला बापाची जमीन परत मिळाली. हरलेल्यांनी जिंकणाऱ्याची चाकरी धरायची आणि तिच्या जोरावर वतन सोडवून घ्यायचं, हा मार्ग १८१८ नंतर आपल्याकडे किती घराण्यांनी चोखाळला ते मोजायला बसलं तर वही पुरणार नाही.

या चाकरीने आडनाव जगभर नेलं. आणखी एका सायमन फ्रेझरने १८०८ मध्ये कॅनडाच्या पश्चिमेची एक भयंकर नदी मुखापर्यंत उतरून काढली. ती आज फ्रेझर नदी, आणि व्हँकुव्हरजवळचं विद्यापीठही त्याच्याच नावाचं, जिथे आता पंजाबी आणि मराठी मुलंही शिकतात. पीटर फ्रेझर १९४० ते १९४९ न्यूझीलंडचा पंतप्रधान होता, माल्कम फ्रेझर १९७५ ते १९८३ ऑस्ट्रेलियाचा. डॉन फ्रेझरने शंभर मीटर पोहण्याचं सुवर्णपदक १९५६, १९६० आणि १९६४ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकांत जिंकलं. 'द गोल्डन बाऊ' लिहिणारे जेम्स फ्रेझर इंग्रजीत एका अक्षराने वेगळे, पण तेही स्कॉटच. आणि जमैकाची शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस, २००८ आणि २०१२ ची शंभर मीटर विजेती. कॅरिबियन बेटांवर स्कॉटिश आडनावं इतकी का आढळतात याचं उत्तर मळ्यांच्या जमाखर्चात आहे. तिथे गुलामांवर मालकांची आडनावं चढली. रीलिगच्या घराचा पैसाही त्याच प्रकारच्या मळ्यांत होता. थोरला जेम्स हिंदुस्थानात येण्याआधी बर्बीसमध्ये होता, हे त्याची हिमालयाची सुंदर चित्रं पाहताना सहसा कुणी सांगत नाही. पडद्यावरच्या 'आउटलँडर'मधल्या जेमी फ्रेझरवर फिदा असलेल्या मंडळींना तर नाहीच नाही.

मराठी मुलखातही हे आडनाव बरंच फिरलं. अँड्र्यू फ्रेझर मुंबईत जन्मला, १८४८ मध्ये, एका मिशनऱ्याच्या घरी. नागपूरला तो मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त होता. संबळपूरच्या उडिया भाषेचा प्रश्न त्याने तिथूनच वर नेला, आणि त्या निमित्ताने प्रांतांच्या हद्दी नव्याने आखण्याची चर्चा वाढत वाढत बंगालवर गेली. १९०३ मध्ये तो बंगालचा नायब राज्यपाल झाला. १९०५ च्या फाळणीचा तो खंदा पुरस्कर्ता. क्रांतिकारकांनी १९०७ मध्ये त्याची आगगाडी उडवायचा प्रयत्न केला, १९०८ मध्ये त्याच्यावर पिस्तूल रोखलं. तो दोन्हीतून वाचला. फाळणी मात्र वाचली नाही. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात ती रद्द झाली आणि त्याच तोंडाने राजधानी दिल्लीला आणल्याचं जाहीर झालं. नव्या दिल्लीच्या पायाखाली नागपूरच्या एका फ्रेझरची टिपणं आहेत, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

जे. नेल्सन फ्रेझर हा निराळ्या जातीचा माणूस. मुंबईच्या शिक्षण खात्यातला, शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य. त्याने के. बी. मराठे यांच्या साथीने तुकोबांची गाथा इंग्रजी गद्यात आणली, तीन खंडांत, १९०९ ते १९१५. भाषांतर सरळ, काहीसं रुक्ष. पुढे दिलीप चित्र्यांनी तुकोबा इंग्रजीत ज्या ताकदीने आणले त्याच्याशी तुलनाच नको. पण मराठीतल्या एवढ्या मोठ्या गाथेशी वर्षानुवर्षं झुंजणारा तो पहिला इंग्रजी भाषक अनुवादक. त्याचं नाव वारकरी कीर्तनकारांनाही ठाऊक असायला हरकत नाही.

आणि मग स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर. कागलच्या घाटग्यांशी फ्रेझर नावाची दुसरी गाठ पडली ती याच्यामुळे. जयसिंगराव घाटग्यांचा मुलगा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला. राजकोटच्या शिक्षणानंतर १८९० ते १८९४ त्याला धारवाडला ठेवलं. शिक्षक म्हणून नेमला हा पंचविशी ओलांडलेला आय.सी.एस. अधिकारी. बरोबर धाकटे बंधू बापूसाहेब, भावनगरचे राजपुत्र भावसिंहजी, आणि शिकवायला रघुनाथराव सबनीसही, जे पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले. इंग्रजी, इतिहास, राज्यकारभार, घोडा, शिकार आणि देशभर दौरे असा तो अभ्यासक्रम. अण्णासाहेब लठ्ठ्यांच्या १९२४ च्या चरित्रापासून प्रत्येक शाहूचरित्रात फ्रेझर आहे. गुरुशिष्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. इंग्रजांना हवा होता वळणातला संस्थानिक. २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हाती घेतलेल्या या शिष्याने २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. हे मास्तरच्या वहीत नव्हतं. शाहूंच्या घडणीचं श्रेय फ्रेझरला देणाऱ्यांशी म्हणूनच माझा मतभेद आहे. त्याने जगाची खिडकी उघडली एवढं खरं. बाहेर काय पाहायचं ते शाहूंनी स्वतः ठरवलं. फ्रेझर नंतर म्हैसूरच्या महाराजांचा शिक्षक आणि पुढे तिथला रेसिडेंट झाला. बंगळुरूचं फ्रेझर टाऊन त्याच्याच नावाचं. त्याचं सरकारी नाव आता पुलकेशीनगर आहे, पण रिक्षावाल्याला फ्रेझर टाऊनच सांगावं लागतं.

शाहू महाराज फेब्रुवारी १९२२ मध्ये दिल्लीत आले, अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून. तीन महिन्यांत, ६ मे रोजी, मुंबईत ते गेले. संसदेच्या आवारात त्यांचा पुतळा बसवला २००९ मध्ये.

दिल्लीला येणारी मराठी माणसं तालकटोऱ्याला बाजीरावाची आठवण काढतात, पानिपतला जाऊन डोळे पुसतात, दत्ताजी शिंद्यांसाठी बुराडीकडे हात दाखवतात. त्यांना माझी विनंती आहे. एक सकाळ रिजसाठी ठेवा. मेट्रोने काश्मिरी गेटला उतरा, सेंट जेम्स चर्चच्या आवारात विल्यम फ्रेझरची आणि आत स्किनरची कबर पाहा. मग रिक्षा करा आणि 'हिंदू राव' एवढंच सांगा, वेगळा पत्ता सांगावा लागत नाही. रुग्णालय चालू आहे, गर्दी प्रचंड असते, म्हणून ओपीडीच्या रांगेत न घुसता पीर गायब आणि अशोकस्तंभ पाहून घ्या. आणि बरोबर कोल्हापूर-कागलचं कुणी असेल तर फाटकावरचं नाव आपल्याकडच्या माणसाचं आहे, हे त्यांना आवर्जून सांगा.